खरेदीखताच्या समासात

१

१८ जानेवारी २०२२. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं: ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेतोय. ६८.७ अब्ज डॉलर, सगळे रोख. कॉल ऑफ ड्यूटी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, डियाब्लो, कँडी क्रश. गेमच्या धंद्यात एवढा मोठा सौदा त्याआधी झाला नव्हता.

३१ जानेवारी २०२२. सोनीने जाहीर केलं: बंजी विकत घेतोय. ३.६ अब्ज डॉलर. बोलणी कित्येक महिने आधीपासून चालू होती, असा खुलासाही केला.

असतीलही.

२

बंजीची कुंडली. १९९९ साली त्यांचा हेलो हा गेम स्टीव्ह जॉब्जने ॲपलच्या मंचावरून दाखवला. २००० साली मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली. २००१ साली हेलो आला तो एक्सबॉक्सवर, आणि त्याच्या जिवावर एक्सबॉक्स उभा राहिला. २००७ साली बंजी स्वतंत्र झाली. हेलो मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. २०२२ साली बंजी सोनीकडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की पहिल्या हेलोची नवी आवृत्ती प्लेस्टेशनवरही येणार.

स्टुडिओ सोनीच्या घरात, गेम सोनीच्या यंत्रावर. मधल्या पंचवीस वर्षांत वकिलांचं बरं चाललं.

३

अशा सौद्याच्या प्रत्येक बातमीत एक वाक्य असतं: स्टुडिओचं सर्जनशील स्वातंत्र्य अबाधित राहील. हे वाक्य नसलेली बातमी माझ्या वाचनात अजून आलेली नाही.

४

एवढे पैसे मोजायची गरज काय? मोठा गेम करायला पाच वर्षं लागतात. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या गेम पासला दर महिन्याला काहीतरी नवं लागतं. पाच वर्षांचं काम महिन्यात होत नाही, म्हणून ज्यांचं झालेलं आहे त्यांना घ्यायचं. सगळं गणित एवढंच आहे. बाकी 'दृष्टी', 'समन्वय' वगैरे शब्द भागधारकांसाठी.

५

जून २०२३, सॅन फ्रान्सिस्को. अमेरिकेचा व्यापार आयोग, म्हणजे एफटीसी, विरुद्ध मायक्रोसॉफ्ट. सौदा थांबवा, असं एफटीसीचं मागणं.

मायक्रोसॉफ्टचा बचाव: आम्ही कन्सोलच्या लढाईत हरलेलो आहोत. सोनी पहिली, निन्टेन्डो दुसरी, आम्ही शेवटचे. बाजारमूल्य अडीच हजार अब्ज डॉलरच्या घरात असलेली कंपनी शपथेवर सांगत होती की आमचं काही खरं नाही. समोर बाजारात पहिल्या नंबरावर बसलेली सोनी सांगत होती की हा सौदा झाला तर आमचं काही खरं नाही.

कोर्टात गरीब दिसण्यासाठी फार पैसा लागतो.

६

त्याच खटल्यात सोनीची काही गोपनीय कागदपत्रं सादर झाली. गुप्त आकडे कोणीतरी काळ्या मार्करने खोडले आणि मग कागद स्कॅन केला. स्क्रीनवर नीट पाहिलं की शाईखालचे आकडे वाचता येत होते. द लास्ट ऑफ अस पार्ट टू: सुमारे २२ कोटी डॉलर. होरायझन फॉरबिडन वेस्ट: २१ कोटी २० लाख डॉलर.

कन्सोलयुद्धावर वर्षानुवर्षं लिहिल्या गेलेल्या विश्लेषणांपेक्षा त्या मार्करने जास्त सांगितलं. एका गेमला दोनशे दशलक्ष डॉलर लागत असतील तर त्या गेमवर जुगार कोण खेळेल? मग दुसरा भाग, तिसरा भाग, जुन्याचा रिमेक.

७

सोनीचे तेव्हाचे प्लेस्टेशनप्रमुख जिम रायन जगभरच्या नियामकांना सांगत होते की कॉल ऑफ ड्यूटी आमच्याकडून जाईल. सौदा जाहीर झाला त्याच आठवड्यात त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याला पाठवलेला ई-मेल कोर्टात वाचला गेला. त्याचा आशय असा, की हा गेम हिरावून घेण्याचा डाव नाही, तो आपल्याकडे पुढची बरीच वर्षं राहील, आपलं नीट चालेल.

८

मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला साक्षीत म्हणाले, की माझ्या हातात असतं तर ठरावीक कन्सोलपुरते गेम ही पद्धतच मी बंद केली असती. ती सोनीने रूढ केली, मला तिची आवड नाही.

मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची पालक कंपनी झेनिमॅक्स २०२१ साली साडेसात अब्जांना घेतली होती. तिचा स्टारफील्ड सप्टेंबर २०२३ मध्ये आला. तेव्हा प्लेस्टेशनवर नाही.

इंडियाना जोन्सचा गेमही तिचाच. त्याचा डिस्नेशी झालेला मूळ करार सगळ्या कन्सोलसाठी होता आणि खरेदीनंतर तो बदलला, हे त्याच कोर्टात निघालं. गेम डिसेंबर २०२४ मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीवर आला. एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर.

म्हणजे चार महिन्यांसाठी.

९

सौद्याला पहिली मंजुरी सौदी अरेबियाने दिली, ऑगस्ट २०२२ मध्ये. ब्राझीलनेही विनाअट दिली, आणि वर लिहिलं की आमचं काम स्पर्धा सांभाळणं आहे, एखाद्या स्पर्धकाला सांभाळणं नव्हे. या सगळ्या प्रकरणात मला पटलेलं सरकारी वाक्य हे एकच.

ब्रिटनने एप्रिल २०२३ मध्ये अडवलं. कन्सोलच्या मुद्द्यावर नाही. क्लाउडवरून खेळायच्या गेमच्या मुद्द्यावर, ज्याचा बाजार अजून नीट उभाही राहिलेला नव्हता. तोडगा असा निघाला: ॲक्टिव्हिजनच्या आधीच्या आणि पुढच्या पंधरा वर्षांत येणाऱ्या गेमचे क्लाउडहक्क युबिसॉफ्टला विकायचे. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी सौदा पुरा झाला.

१०

२५ जानेवारी २०२४. मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातल्या १,९०० जणांना नारळ. सौदा पुरा होऊन १०४ दिवस झाले होते. ब्लिझर्डमध्ये बरीच वर्षं चाललेला एक नवा गेमही बंद.

एफटीसीने कोर्टाला पत्र लिहिलं: ॲक्टिव्हिजन स्वतंत्र चालेल, असं तुम्हाला सांगितलं होतं ना? मायक्रोसॉफ्टचं उत्तर: ॲक्टिव्हिजन यातले बरेच लोक तसेही काढणारच होती.

११

काढलेला माणूस नेमकं काय घेऊन जातो? पुण्यात टेस्टिंगचं काम करणाऱ्या एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सर, सगळं डॉक्युमेंटमध्ये असतं. फक्त तसं का केलंय ते नसतं."

१२

टँगो गेमवर्क्स, टोकियो. झेनिमॅक्सबरोबर मायक्रोसॉफ्टकडे आलेला स्टुडिओ. तारखा फक्त.

२५ जानेवारी २०२३: हाय-फाय रश आला. आधी जाहिरात नाही, टीझर नाही. दाखवला त्याच दिवशी विक्रीला. तालावर चालणारी मारामारी. लोक खूश.

डिसेंबर २०२३: द गेम अवॉर्ड्समध्ये ध्वनीचा पुरस्कार.

१९ मार्च २०२४: प्लेस्टेशनवरही आला.

११ एप्रिल २०२४: ॲनिमेशनसाठी बाफ्टा.

७ मे २०२४: स्टुडिओ बंद.

८ मे २०२४: एक्सबॉक्सचे स्टुडिओ सांभाळणारे मॅट बूटी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत म्हणाले, की आपल्याला प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे गेम हवेत. हे लगेच छापून आलं.

१३

त्याच ७ मे रोजी, त्याच खरेदीत आलेला टेक्ससमधला आर्केन ऑस्टिनही बंद झाला. त्यांचा रेडफॉल आदल्या वर्षी आपटला होता, त्यामुळे कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. पण रेडफॉल आपटल्यावर ब्लूमबर्गने दिलेली बातमी पाहा. या स्टुडिओने २०१७ साली प्रे हा गेम केला होता; एकट्याने, सावकाश, डोकं लावून खेळायचा. रेडफॉल पुरा होईपर्यंत प्रे करणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक निघून गेले होते. त्यांना तसलेच गेम करायचे होते. वरून हुकूम मात्र चौघांनी मिळून खेळायच्या गेमचा. तो हुकूम मायक्रोसॉफ्टचा नव्हता. ती यायच्या आधीचाच होता. जुना मालक विकायला निघाला की असे हुकूम सुटतात, असं माझं मत.

दारावरची पाटी तीच. आत तीस टक्के.

स्टुडिओ बंद होणार हे कळल्यानंतरही रेडफॉलचा शेवटचा अपडेट बाहेर पडला. त्यात इंटरनेटशिवाय खेळायची सोय होती. विकत घेणाऱ्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून.

१४

टँगोला ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टनने घेतलं, हाय-फाय रशच्या हक्कांसकट. क्राफ्टन म्हणजे दक्षिण कोरियाची पबजीवाली कंपनी.

क्राफ्टनने मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्येही नियंत्रण मिळवण्याइतका हिस्सा घेतला. सुमारे १.४ कोटी डॉलर. नॉटिलसचा रिअल क्रिकेट रेल्वेच्या डब्यात कोणीतरी खेळताना तुम्ही पाहिलेला असणार.

क्राफ्टननेच २०२१ साली सबनॉटिकाचा अननोन वर्ल्ड्स स्टुडिओ ५० कोटी डॉलरना घेतला होता. ठरलेलं उत्पन्न गाठलं तर आणखी २५ कोटींपर्यंत बोनस, अशी अट. जुलै २०२५ मध्ये स्टुडिओच्या तिन्ही प्रमुखांना काढलं आणि पुढचा गेम लांबवला. कंपनी म्हणते, त्यांनी कामाकडे पाठ फिरवली. ते म्हणतात, बोनस द्यायचा नव्हता. प्रकरण डेलावेअरच्या कोर्टात गेलं.

एकच कंपनी. तारणहार, गुंतवणूकदार, प्रतिवादी.

१५

सोनीने बंजीसाठी मोजलेल्या ३.६ अब्जांपैकी सुमारे १.२ अब्ज माणसं टिकावीत म्हणून बाजूला काढलेले होते.

ऑक्टोबर २०२३: बंजीतून सुमारे १०० जणांना काढलं. जुलै २०२४: २२० जणांना.

१६

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, हिने घेतलेले आणि बंद केलेले. ओरिजिन: घेतला १९९२, बंद २००४. बुलफ्रॉग: १९९५, २००१. वेस्टवुड: १९९८, २००३. पँडेमिक: घेतल्यावर दोन वर्षांतच, २००९. गेमवाल्यांच्या पिढ्यांमध्ये ही यादी पाढ्यांसारखी पाठ असते.

१७

ओरिजिनच्या अल्टिमा सेव्हन या गेमची गंमत. एप्रिल १९९२ मध्ये आला. त्यात नायकाला तीन दुष्ट वस्तू नष्ट कराव्या लागतात: एक घन, एक गोल, एक चतुष्फलक. ईएच्या जुन्या लोगोत हेच तीन आकार होते. गेमभर मागे खून ठेवत फिरणारी दोन पात्रं आहेत, एलिझाबेथ आणि अब्राहम. आद्याक्षरं पाहा.

सप्टेंबर १९९२ मध्ये ईएने ओरिजिन विकत घेतली.

१८

वेस्टवुडचे लोक बेकार झाले ते लास व्हेगासमध्ये. त्यांच्यातल्या काहींनी तिथेच पेट्रोग्लिफ नावाचा स्टुडिओ काढला. २०२० साली ईएला कमांड अँड कॉन्कर या वेस्टवुडच्या गेमची नवी आवृत्ती काढायची होती. काम कोणाला दिलं? पेट्रोग्लिफला.

मधली सतरा वर्षं कोणाच्या खात्यावर टाकायची?

१९

सप्टेंबर २०२५: ईए स्वतःच विक्रीला. ५५ अब्ज डॉलर. घेणारे: सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी, सिल्व्हर लेक, आणि जॅरेड कुशनरची ॲफिनिटी पार्टनर्स. यातले २० अब्ज कर्जाऊ. अशा सौद्यात कर्ज फेडायचं असतं ते घेणाऱ्यांनी नव्हे, घेतलेल्या कंपनीने. म्हणजे ईएचे कामगार आता स्वतःच्या विक्रीचे हप्ते भरणार.

टिपण क्रमांक नऊमध्ये पहिली मंजुरी कोणाची होती?

२०

एम्ब्रेसर. स्वीडनमधलं कार्लस्टॅड हे लहान शहर. संस्थापक लार्स विंगेफोर्स पोरवयात जुन्या कॉमिक्स विकायचा. माझ्या मते पुढेही त्याने तेच केलं, फक्त आकडे वाढवले. जुनी नावं स्वस्तात घ्यायची, चारच्या चाळीस करायच्या.

२०२० ते २०२२ या काळात व्याजाचे दर तळाला होते आणि टाळेबंदीमुळे सगळं जग गेम खेळत बसलं होतं. एम्ब्रेसरने दिसेल ते घेतलं. गिअरबॉक्स, अटी पुऱ्या झाल्या तर १.३८ अब्ज डॉलरपर्यंत. बोर्डगेमवाली फ्रेंच कंपनी आस्मोडी, २.७५ अब्ज युरो. क्रिस्टल डायनॅमिक्स, आयडॉस माँट्रियल आणि टूम रेडर असा सगळा गठ्ठा, ३० कोटी डॉलर. मग टॉल्किनच्या मिडल-अर्थचे हक्क.

मे २०२३: दोन अब्ज डॉलरचा एक मोठा करार शेवटच्या क्षणी फिसकटला. समोरची कंपनी सौदीची सॅव्ही होती, असं ॲक्सिऑसने छापलं. एका दिवसात शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त पडला.

पुढे सगळं उलट्या क्रमाने. ऑगस्टमध्ये सेंट्स रो करणारा व्होलिशन बंद; इलिनॉयमधल्या शँपेनमध्ये तीस वर्षं चाललेला स्टुडिओ. डिसेंबरमध्ये फ्री रॅडिकल बंद. मार्च २०२४ मध्ये गिअरबॉक्स टेक-टूला ४६ कोटींना विकला. एप्रिलमध्ये जाहीर केलं की कंपनीचे तीन तुकडे करणार.

व्होलिशनच्या लोकांचा या सौदी कराराशी संबंध काय होता? काही नाही. ते शँपेनमध्ये गेम करत होते.

२१

त्या गठ्ठ्यातल्या माँट्रियलच्याच दुसऱ्या एका स्टुडिओला एम्ब्रेसरने नवं नाव दिलं: ओनोमा. ऑक्टोबर २०२२. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद केला.

२२

कार्लस्टॅडमध्ये एम्ब्रेसरने गेमचं संग्रहालयही उभं केलं. जगात निघालेला प्रत्येक गेम खोक्यासकट जतन करायचा, असा संकल्प. पन्नास हजारांवर वस्तू जमल्या.

२३

सोनीने एप्रिल २०२३ मध्ये फायरवॉक स्टुडिओ घेतला. त्यांचा कॉनकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला, ६ सप्टेंबरला काढून घेतला, सगळ्यांना पैसे परत. २९ ऑक्टोबरला स्टुडिओ बंद.

गेम काढून घेतल्याची बातमी गणपतीच्या दिवसांत वाचली होती. कॉनकॉर्डचं विसर्जन बाप्पाच्या आधी झालं.

२४

उलट उदाहरणंही लिहून ठेवायला हवीत, नाहीतर हे रडगाणं होईल.

इन्सोम्नियॅक. सोनीने २०१९ साली २२ कोटी ९० लाख डॉलरना घेतला. आजही तिथून चांगले गेम निघतात. पण १९९८ च्या स्पायरोपासून दोघं एकमेकांना ओळखत होती. वीस वर्षं एकत्र काम, मग खरेदी.

मोयांग. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली अडीच अब्जांना घेतला. माइनक्राफ्ट प्लेस्टेशनवर होता, आहे.

आयओ इंटरअॅक्टिव्ह. २०१७ साली स्क्वेअर एनिक्सने सोडून दिला. व्यवस्थापनाने स्वतःच विकत घेतला आणि हिटमॅनचे हक्कही सोबत मिळवले. हे फार थोड्यांना जमलं. बंजीला सुटताना हेलो नेता आला नव्हता.

२५

२०१४ साली वी-यू हे कन्सोल चालेना तेव्हा निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार पाच महिने निम्मा केला. लोक काढले तर उरलेले धास्तावतात आणि धास्तावलेले लोक जगाला आवडेल असं काही करू शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. जपानात माणूस काढणं कायद्यानेही अवघड आहे, हेही खरं. कायद्याचा धाक असला की सद्गुण टिकतात.

२०२० साली एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी एका अंतर्गत ई-मेलमध्ये निन्टेन्डो विकत घ्यायची इच्छा व्यक्त केली होती. तो ई-मेल २०२३ मध्ये फुटला. घडलं तर कारकिर्दीचं सार्थक, अशा अर्थाचं काहीतरी.

२६

एफटीसीच्या भीतीने एक चांगली गोष्ट झाली. जून २०२२ मध्ये, ॲक्टिव्हिजनचा सौदा मंजूर व्हायच्या रांगेत असताना, मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या सीडब्ल्यूए या कामगार संघटनेशी करार केला: ॲक्टिव्हिजनच्या लोकांनी युनियन केली तर आम्ही आडवे येणार नाही. पाळलाही. आधी झेनिमॅक्सचे सुमारे तीनशे टेस्टर, मग ॲक्टिव्हिजनचे सहाशे, मग वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे पाचशे. अमेरिकेच्या गेम उद्योगात इतके लोक याआधी कधी संघटित झालेले नव्हते. जी युनियन कामगारांना वीस वर्षांत जमली नाही ती एका मक्तेदारीच्या संशयाने झाली.

जुलै २०२५: मायक्रोसॉफ्टने सगळ्या विभागांतून मिळून सुमारे ९,००० लोक काढले. परफेक्ट डार्क रद्द, एव्हरवाइल्ड रद्द, द इनिशिएटिव्ह हा स्टुडिओ बंद. युनियनला वाटाघाटी करता येतात. रद्द झालेला गेम परत आणता येत नाही.

२७

गेम पास अल्टिमेट, अमेरिकेतला दर. २०२३ च्या मध्यात १६.९९ डॉलर. २०२४ मध्ये १९.९९. ऑक्टोबर २०२५ मध्ये २९.९९.

मंजुरीच्या वेळी सांगितलेलं: ग्राहकांना जास्त गेम, कमी पैशांत.

२८

नियम असा होता की कन्सोल जुनं झालं की स्वस्त होतं. २०२५ साली एक्सबॉक्स सिरीज एक्स अमेरिकेत ४९९ डॉलरवरून आधी ५९९ आणि मग ६४९ झाला. पीएस-फाइव्हही ५० डॉलरने महागला. याचा स्टुडिओखरेदीशी थेट संबंध नाही; आयातशुल्क आहे, इतर खर्च आहेत. तरी वही उघडी होती म्हणून लिहिलं.

२९

पुणे, पुन्हा. गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ २००८ साली युबिसॉफ्टने घेतला. गेमलॉफ्ट तेव्हा मिशेल गिल्मोची, युबिसॉफ्ट इव्ह गिल्मोची. सख्खे भाऊ. वाटणीपत्रासारखंच ते.

सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइमचा रिमेक जाहीर केला, करणार पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. भारतातल्या लोकांकडे एवढ्या मोठ्या नावाच्या गेमची सूत्रं याआधी आलेली नव्हती. चित्रफीत पाहून जगभर नाकं मुरडली गेली. गेम लांबला, पुन्हा लांबला, मे २०२२ मध्ये माँट्रियलला गेला, जिथे २००३ साली मूळ गेम झाला होता. पुण्या-मुंबईच्या पोरांना जमणारच नव्हतं, असं तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं.

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने तो रद्द केला. तेव्हा तो माँट्रियलकडे होता.

माँट्रियलच्या पोरांना जमत नाही, असं कोणी लिहिल्याचं दिसलं नाही.

३०

पुण्यातच सुमो डिजिटलचाही स्टुडिओ आहे. मूळ कंपनी इंग्लंडमधल्या शेफील्डची. तिला टेन्सेंटने ९१ कोटी ९० लाख पौंडांना घेतलं. सौदा जानेवारी २०२२ मध्ये पुरा झाला.

सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली होती, कारण तिच्यामागे टेन्सेंट होती. बंदी ॲपवर असते. मालकीवर नसते.

३१

१९७९. वॉर्नरच्या मालकीच्या अटारीत चार प्रोग्रामर होते: डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड, लॅरी कॅप्लन. त्यांच्या गेमवर कंपनी कोट्यवधी कमवत होती. यांना साधा पगार आणि खोक्यावर नावही नाही. मागितलं तर वरून उत्तर आलं की गेमची कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगाराइतकंच तुमचं महत्त्व. चौघं बाहेर पडले आणि त्यांनी कंपनी काढली. खोक्यावर गेम करणाऱ्याचं नाव छापणारी कन्सोलची पहिली कंपनी.

तिचं नाव ॲक्टिव्हिजन.

१९९१ साली ती दिवाळखोरीत निघाली असताना बॉबी कोटिक आणि भागीदारांनी साधारण साडेचार लाख डॉलरमध्ये तिचा पाव हिस्सा घेतला. पुढचं टिपण क्रमांक एकमध्ये आहे.

३२

एक विनंती. नवा गेम घेताना स्टुडिओचं नाव पाहून पैसे देऊ नका. मागचा गेम ज्यांनी केला ते लोक अजून तिथे आहेत का, एवढं आधी पाहा. गेमच्या क्रेडिट्सची नोंद ठेवणारी मोबीगेम्स नावाची साइट आहे. १९९९ पासून हौशी लोकांनी एकेक नाव भरून ती उभी केली. तिथे सगळं सापडतं.

ती साइट २०२२ साली अटारीने १५ लाख डॉलरना विकत घेतली.